मधमाश्यांना दिलेली खबर

फिलिपा आईच्या घरी आली ती शेवटची आवराआवर करायला. गवताने शाकारलेल्या छपराच्या त्या घराचा सौदा ठरला होता. चर्च आणि तळं पाहून झाल्यावर गावात येणारे हौशी लोक याच घरासमोर उभं राहून फोटो काढत. विकत घेणाऱ्या शहरी जोडप्याला घर परसातल्या मधपेटीसकट हवं होतं, नाहीतर नको. आईचा मात्र विक्रीला कडाडून विरोध होता. "मी मेले तरी किल्ली देणार नाही," असं बजावून तिने आपली किल्ली शवपेटीत ठेवायला लावली होती. फिलिपाजवळ दुसरी होती.

शेजारच्या मिसेस टकवेलनी खिडकीतूनच हटकलं.

"मधमाश्यांना सांगितलंस का गं?"

"काय सांगायचं?"

"आई गेली म्हणून! घरच्या माणसाने पेटीवर दाराची किल्ली तीनदा वाजवायची, गेलेल्याचं नाव सांगायचं, काळी फीत बांधायची. नाहीतर उडून जातात त्या. घर विकायचं बरं लक्षात राहिलं!"

"एवढा पुळका आहे तर तुम्हीच सांगा ना."

"मी घरची नाही, बाई. परक्याचं ऐकत नाहीत त्या."

माश्या उडाल्या तर सौदा फिसकटणार. चरफडत फिलिपा परसात गेली. ऊन उतरलं होतं, मेणाचा गोडसर वास येत होता. तिने पेटीवर तीनदा किल्ली वाजवली.

"सिल्व्हिया गेली. आता मालकीण मी."

गुणगुण एकदम थांबली. घाईघाईने फीत बांधून ती आत आली, किल्ली टेबलावर टाकली आणि चहाची केटल ठेवली.

टक्... टक्... टक्.

आवाज परसातून आला. तिने टेबलाकडे पाहिलं. किल्ली जागेवरच होती.

ती धावत बाहेर गेली. पेटीवर आता दोन फिती होत्या. दुसरी ओली होती, तिला माती लागली होती.

"मिसेस टकवेल... हे तुम्ही केलंत?"

म्हातारी खिडकीतून फितींकडे बघत होती. तिचा हात तोंडावर गेला.

"अरे देवा... पोरगीही गेली?"

"अहो, मी इथे उभी आहे! मिसेस टकवेल!"

म्हातारीने डोळे पुसले आणि पडदा ओढून घेतला.

घरात केटल शिट्टी घालू लागली. मग कुणीतरी ती चुलीवरून उतरवली, आणि परसदाराच्या कुलपात आतून किल्ली फिरली.