जिन्याखालचे आवाज

"चालली! स्क्रिप्ट चालली!" भोपळ्या टेबलावर थाप मारून ओरडला.

"हळू! वाचनालय आहे हे," चिमणीने डोळे वटारले.

वाचनालयाच्या वेबसाइटवर गावातल्या जुन्या माणसांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या तीन हजार लिंका होत्या. ती माणसं केव्हाच वारली होती. भोपळ्याची आई, म्हणजे चिमणीची आत्या, इथेच नोकरीला होती आणि एकेक लिंक उघडून तपासायची. पण सकाळी 'चालू' लिहिलेली दुपारी बंद! "नोंदी खोट्या आहेत तुमच्या," वाचनालयाचे साहेब कडाडले होते. आज संध्याकाळपर्यंत खरी यादी दिली नाही, तर तिची नोकरी जाणार होती.

"एकेक दार कशाला ठोठावायचं? शंभर एकदम ठोठावू!" असं म्हणून चिमणीनेच सगळ्या लिंका तपासणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. चाळीस सेकंदांत निकाल आला. तीन हजारच्या तीन हजार बंद!

"पुन्हा," चिमणी म्हणाली. दर पाच मिनिटांनी पुन्हा. चार वाजता शिपाईकाका दालनातले दिवे लावून गेले, आणि थोड्याच वेळात कॉम्प्युटरचा पडदा हिरवागार झाला. सगळ्या चालू! तिच्या अंगावर काटा आला. तिने एक लिंक उघडली.

"बाळांनो, ऐकताय ना? त्या विहिरीपाशी..." म्हातारीचा चिरका आवाज मध्येच तुटला. त्याच क्षणी दालनात अंधारलं!

भोपळ्याची बोबडी वळली. "आ... आजी रागावल्या!"

"घाबरटा! शिपाईकाकांनी दिवे घालवलेत."

"वाचायला कुणी नाही, मग वीज कशाला जाळायची?" काका म्हणाले.

"काका, लावा ना परत!"

दिवे लागले. तीन मिनिटांत तीन हजार लिंका जाग्या झाल्या! चिमणी दिव्यांच्या बटणापाशी धावली. त्याच बटणाखालून एक वायर भिंतीलगत जिन्याखालच्या कुलूपबंद कपाटाकडे गेली होती. दाराला कान लावला, तर आत कुणीतरी घरघरत होतं. दार चक्क कोमट होतं!

काकांनी कुलूप काढलं. आत फडक्याखाली जुना कॉम्प्युटर!

"आवाज नव्या मशीनवर हलवायचे राहिले," बोलावून आणलेला कॉम्प्युटरवाला चाचरला. "जुनंच मशीन दिव्यांच्या बटणाला जोडून दिलं. दिवे गेले, की तेही बंद."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! शाबास, पोरांनो!" पाठोपाठ आलेले साहेब म्हणाले. मग ते आत्याकडे वळले. "बाई, तुमची प्रत्येक नोंद खरी होती. खोटं ठरवलं मी. माफ करा."

महिनाभर बोलणी खाऊनही न रडलेली आत्या आता ढसाढसा रडू लागली.

"आई, नोकरी राहिली ना? मग रडतेस कशाला?" भोपळ्या गोंधळला.

"तुला नाही कळायचं," म्हणत चिमणीने स्वतःचेच डोळे पुसले.