मागचाच आकडा

आमच्या प्रणालीत अकरा ओळींचं एक जुनं फंक्शन होतं. नवा आकडा आला नाही, तर ते मागचाच आकडा पुन्हा पुढे ढकलायचं. ते फक्त आमच्या आतल्या कामापुरतं होतं. बाहेरच्या कुणी त्यावर विसंबू नये, असं वर लिहिलेलंही होतं. पण लिहिलेलं वाचतील तर शपथ! आमच्यापैकी कुणीच ते वापरत नव्हतं, म्हणून मंगळवारी दुपारी मी ते काढून टाकलं.

दोन मिनिटांत मेल आला. 'बाहेरचा एक प्रकल्प यावर अवलंबून आहे. कृपया परत ठेवा.' खाली नाव नव्हतं, प्रकल्पाचंही नाही.

तेवढ्यात घरून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, बाबा बघ ना गं! घास तोंडाशी नेला नि तसेच थांबलेत. पापणीसुद्धा हलत नाहीये."

"डॉक्टरांना बोलाव," मी म्हटलं आणि बोलता बोलता, ती मेलची कटकट मिटावी म्हणून, फंक्शन परत ठेवलं.

फोनमधून बाबांचा आवाज आला. "भाजीत मीठ कमी आहे गं."

हे ते रोजच म्हणत. वय झालं की माणूस तेच तेच बोलतो.

मी योगायोग मानणारी बाई आहे. म्हणून बुधवारी घरूनच काम केलं आणि जेवताना बाबांच्या समोर बसून ते फंक्शन पुन्हा काढलं. याची मला लाज वाटते.

"भाजीत मीठ—"

मी त्यांचं मनगट धरलं. नाडी लागेना. फंक्शन परत ठेवताना दोनदा चुकीची कळ दाबली गेली.

"—कमी आहे गं."

गुरुवारी साहेबांना गाठलं. "ते फंक्शन राहू द्या. बाहेर कुणीतरी वापरतंय."

"कोण?"

मी त्यांना तो निनावी मेल दाखवला.

"कुणाची म्हैस आणि कुणाला उठबस! उद्या तीनला नवी आवृत्ती जाणार, जुनं सगळं बंद."

मी अक्षरशः हातापाया पडले. त्यांनी मला पाणी दिलं, आठवडाभराची रजा दिली आणि प्रणालीतला माझा प्रवेश बंद केला.

शुक्रवारी मी बाबांचा हात धरून बसले होते. एवढी वर्षं या कामात घालवून मला त्यांच्यासाठी काहीही करता येत नव्हतं. मला रडू येत होतं.

पावणेतीनला त्यांचा न्हावी आला. दर महिन्याला घरी यायचा. त्याने मला दारातच थांबवलं.

"ताई, आता मी येत नाही. बाबांना वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोललो नाही."

"काय झालं?"

"ते हॉस्पिटलातून घरी आले, त्याला वर्ष झालं ना? तेव्हापासून मी नुसती कात्री वाजवतोय. केस वाढलेलेच नाहीत."