नऊला नापास, एकला पास

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी निनाद गुप्तेची काडतुसं नापास झाली.

मे महिन्यातला शुक्रवार होता. सन दोन हजार एक. शारजाच्या बाहेर, वाळूत कुंपण घालून उभ्या केलेल्या त्या नेमबाजी क्लबात वार्षिक स्पर्धा चालू होती. पळायचं, आडोशामागून डोकवायचं, पुठ्ठ्याच्या माणसांवर धडाधड गोळ्या झाडायच्या आणि पुन्हा पळायचं, असा तो खेळ. आठवडाभर एसीत बसून ईमेल लिहिणारी माणसं तो शुक्रवारी जीव तोडून खेळत.

खेळाला एक परीक्षा असते. गोळीचं वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार करून जोराचा आकडा काढतात. तो एकशे पंचवीसच्या खाली गेला की काडतूस कमजोर ठरतं आणि नेमबाजाच्या नावावर गुण चढत नाहीत. तो फार वर गेला तर धक्का जास्त बसतो आणि दुसरी गोळी झाडायला उशीर होतो. म्हणून हुशार माणूस रेघेच्या जरासा वर राहणारं काडतूस निवडतो आणि पिस्तुलात त्याला साजेशी हलकी स्प्रिंग बसवतो. निनाद चार वर्षं क्लबचा विजेता होता. हुशार होता.

यंत्राने आकडा दाखवला, एकशे एकवीस.

पुन्हा तीन गोळ्या झाडल्या. एकशे बावीस.

"शक्यच नाही!" निनाद ओरडला. "लियाकतने भलतीच पेटी दिली मला!"

लियाकत मुकादम क्लबच्या शस्त्रागाराचा माणूस. मूळचा दाभोळचा, अठरा वर्षं इथे. पिस्तुलं आणि काडतुसं घरी न्यायला बंदी होती. सगळं लियाकतच्या कुलपात असे आणि सकाळी साडेसहाला सही घेऊन तो ज्याची त्याला पेटी देई.

क्लबचे सेक्रेटरी फौजेतून निवृत्त झालेले अरब गृहस्थ होते. त्यांनी निनादची पेटी स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतली आणि लियाकतकडे पाहिलं. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दो बजे मीटिंग," ते म्हणाले. "गलत माल दिया, तो वीजा कॅन्सल. खलास."

गुण लिहिण्याच्या टेबलाशी उर्मिला चौबळ बसली होती. ती शारजातल्या एका मासळीच्या शीतगृहात गुणवत्ता तपासनीस होती. दिवसाकाठी चारशे सुरमया तिच्या नजरेखालून जात, आणि कुठली एकदा विरघळून पुन्हा गोठवली आहे हे ती खोका न उघडता सांगे. तिचा नवरा परेश चार वर्षं या स्पर्धेत दुसरा येत होता. गुप्त्यांच्या दिवाणखान्यात चार करंडक होते, चौबळांकडे चार प्रमाणपत्रं. उर्मिलाला त्याचं काही वाटत नसे. फक्त निनादच्या बायकोला, शुभ्राला, ते करंडक पुसायला दर शनिवारी किती वेळ लागतो, हे तिला मिनिटांत माहीत होतं.

आता निनाद बाद म्हटल्यावर परेश पहिला. आणि तंबूतले निम्मे लोक परेशकडे बघत होते. उरलेले निम्मे तिच्याकडे.

लियाकत तिच्या टेबलापाशी आला.

"वहिनी, माझ्या हातून नाय झालं. पेटीवरचा नंबर बघून दिली मी. अठरा वर्सांत एक काडतूस इकडचं तिकडं नाय झालं."

"माहितेय मला, लियाकतभाई. जरा पाणी प्या."

तिने मागच्या तंबूतून, स्वतःच्या बर्फाच्या पेटीजवळ ठेवलेली सोलकढीची बाटली आणून त्याला दिली. त्याने एक घोट घेतला आणि सभ्यपणे गिळला.

"गरम आहे का?"

"कोमट हाय."

उर्मिलाने घोट घेऊन पाहिला. खरंच कोमट. सकाळी तिने स्वतः बाटली बर्फात खोचली होती. पण मघाशी ती तिला बाहेर सावलीत, ओल्या नॅपकिनमध्ये नीट गुंडाळलेली सापडली. बर्फ मात्र जवळजवळ तसाच होता.

परेशचं काम असेल, तिच्या मनात आलं. पण परेशने लग्नानंतरच्या अकरा वर्षांत एकही वस्तू गुंडाळून ठेवलेली नव्हती.

ती उठली आणि सेक्रेटरींच्या टेबलाशी गेली. निनादची पेटी तिथे होती. झाकणावर त्याने हिरव्या मार्करने नाव लिहिलेलं होतं. नाव कसलं, हिरवा ओघळ. पुठ्ठा बोटाला मऊ लागत होता. शेजारी दुसऱ्या नेमबाजांच्या पेट्या होत्या. त्याच मार्करची नावं त्यांच्यावर कोरडी ठणठणीत.

"पेटीवर पाणी सांडलं का कोणी?"

मोजणी करणाऱ्या पंचाने नकारार्थी मान हलवली. मॅडमने आणून दिली तेव्हाच ओली होती, घाम फुटल्यासारखी.

"कुठल्या मॅडमने?"

"गुप्ते मॅडम. ते स्वतः मैदानावर होते ना."

उर्मिलाने आधी नवऱ्याला गाठलं. तो मैदानाच्या कडेला मनगटाला क्रेप बँडेज बांधत बसला होता.

"परेश, खरं सांग. तू काही केलंस?"

"तूसुद्धा?"

"मी सगळ्यात आधी. निनादच्या पेटीला हात लावलास?"

"नाही. आणि लावायचा असता तर चार वर्षांपूर्वी लावला असता."

हे उत्तर तिला पटलं. ते फार मनापासून आलं होतं.

"हाताला काय झालंय?"

"धक्का बसतो गं. या वर्षी मी निनादचंच काडतूस घेतलंय. त्याने सगळ्यांना सांगितलं होतं ना, त्याचा आकडा एकशे पस्तीस आहे म्हणून. मीही तेच घेतलं. त्याला लागते तसली जड स्प्रिंगही मागवली. पंचेचाळीस दिरहॅम, म्हणजे पावणेसहाशे रुपये एका स्प्रिंगला! हा माणूस एवढा धक्का सोसून इतका चपळ कसा राहतो, देव जाणे."

"म्हणजे तू त्याची नक्कल करतोयस."

"अभ्यास करतोय," परेश म्हणाला आणि बँडेजची टोकं दातांनी ओढू लागला.

मागच्या तंबूत शुभ्रा एकटी बसली होती. शेजारी निनादची बॅग, पलीकडे उर्मिलाची बर्फाची पेटी. सकाळपासून सगळ्यांच्या बॅगा राखायचं काम तिच्याकडेच होतं. मासिक उघडं होतं. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"वाईट झालं गं," उर्मिला म्हणाली.

"हो ना."

"निनाद डिसेंबरात मनिलाला जाणार होता ना? आशियाई सामन्यांना?"

"जिंकला असता तर. महिन्याची सगळी रजा त्यातच जाणार होती." शुभ्राने पान उलटलं. "गेल्या डिसेंबरला बँकॉक होतं. माझ्या भावाचं लग्न मी फोनवर ऐकलं. तिसऱ्या मंगलाष्टकाला कार्डातली मिनिटं संपली."

"आणि या डिसेंबरला?"

"आईची पंचाहत्तरी. तारीख बदलून घ्या म्हणाला."

"तुला काय वाटतं, लियाकतने चूक केली असेल?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी आपली बॅगा राखते. सव्वीसच्या जागी एकवीस आलं म्हणजे नापास, एवढंच. आणि त्या लियाकतला कशाला काय होतंय? फार तर यंत्र दुरुस्त करतील."

"दोन वाजता त्याचा व्हिसा रद्द करतायत."

शुभ्राच्या हातातलं मासिक खाली आलं. ती काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात निनाद तंबूत शिरला, आणि तिने पुन्हा मासिक वर धरलं.

"वहिनी, तुम्ही तपास करताय म्हणे! लिहून घ्या, परेश आणि लियाकत. दोघं मिळून."

"जरा बाहेर ये. दोन प्रश्न आहेत."

बाहेर उन्हाने पत्रा पांढरा झाला होता.

"तुझा खरा आकडा किती?"

"एकशे पस्तीस."

"निनाद."

त्याने इकडे तिकडे पाहिलं. मग आवाज इतका खाली आणला की जणू पगार सांगत होता. "साडेसव्वीस. सव्वाशेच्या वर फक्त दीड. तीन महिने घालवलेत मी त्यावर. सोबत अकरा पौंडाची हलकी स्प्रिंग. पिस्तूल कसं, हातात लोणी! पस्तीस मी मुद्दाम पसरवलं. परेश लगेच नक्कल करतो, म्हणून."

"अजून कोणाला ठाऊक?"

"कोणालाच नाही. लियाकतला फक्त पेटीचा नंबर माहीत. देवाशपथ सांगतो."

"शुभ्राला?"

"शुभ्राला?" तो हसला. "तिला यातलं ओ की ठो कळत नाही. मी जेवताना बडबडतो, ती टीव्ही बघते. मी स्प्रिंगा ठेवायला तिची कुड्यांची डबी घेतली, तेही तिच्या लक्षात आलं नाही."

उर्मिलाने घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता.

एक वाजता तिने सेक्रेटरींना मोजणीच्या यंत्रापाशी बोलावलं. एक परीक्षा घ्या, मग हवं ते ठरवा, असं म्हणाली. सगळे जमले. लियाकत टोपी हातात धरून मागे उभा होता.

"ही निनादची तीच पेटी. सकाळपासून तुमच्याच टेबलावर आहे, कोणी बदललेली नाही. तिच्यातलीच काडतुसं पुन्हा मोजा."

पंचाने तीन गोळ्या झाडल्या.

एकशे सव्वीस. सव्वीस. सत्तावीस.

"या अल्ला," सेक्रेटरी म्हणाले. "नौ बजे फेल, एक बजे पास?"

"लियाकतभाईंनी बरोबर माल दिला होता," उर्मिला म्हणाली. "पेटी बदललीच नाही. बदललं ते तापमान. आता ही तीन बघा."

त्याच पेटीतली मूठभर काडतुसं तिने बारा वाजता सेक्रेटरींच्या देखत उचलली होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून आपल्या बर्फाच्या पेटीत ठेवली होती. ती बाहेर काढताच पिशवी पांढुरकी झाली आणि पाणी सुटलं.

पंचाने झाडली. एकशे एकवीस. बावीस. बावीस.

परेशने "आयला" म्हटलं.

"माझ्या कामावर रोज दिसतं हे," उर्मिला सांगू लागली. "थंड खोका या हवेत बाहेर काढला की त्याला घाम फुटतो. निनादच्या पेटीवरचं नाव ओघळलं, बाकीच्यांचं नाही. म्हणजे मोजणीच्या जरा आधी ती बर्फातून निघाली होती. बर्फ माझ्याच पेटीतला. जागा करायला माझी सोलकढी बाहेर काढली होती. काडतुसातली दारू थंड झाली की गोळीचा वेग पडतो. फार नाही, पाच आकड्यांनी."

"परेश तिथे येऊन-जाऊन होता!" निनाद म्हणाला.

"होता. पण परेशला वाटत होतं तुझा आकडा पस्तीस आहे. पस्तीसमधून पाच गेले तरी तीस उरतात. नापास करायला तो बर्फ कशाला खर्च करेल? तुझा खरा आकडा माहीत असता तर त्याने तोच उचलला असता. ते मनगट बघ त्याचं. तुझ्या थापेवर विश्वास ठेवून सुजवून घेतलंय त्याने."

परेशने बँडेजचा हात खिशात घातला. जन्मात पहिल्यांदाच त्याच्या मत्सराची साक्ष त्याच्या बाजूने निघाली होती.

"हे काम फक्त त्याचं असू शकतं, ज्याला ठाऊक होतं की तू रेघेच्या वर दीडच आकडा आहेस. आणि थंडीने किती पडतो तेही."

"पण मी कोणालाच..."

"सकाळपासून क्लबात सगळे म्हणतायत, पस्तीसच्या जागी एकवीस आलं. सव्वीसच्या जागी एकवीस, असं एकाच माणसाच्या तोंडून निघालं. तेही तू मला सांगायच्या आधी." उर्मिला वळली. तिचा आवाज खाली आला. "सोलकढी तू गुंडाळून ठेवलीस ना गं, शुभ्रा? तापू नये म्हणून?"

शुभ्राने नाकारलं नाही. ती सरळ लियाकतपाशी गेली.

"लियाकतभाई, तुमच्यावर येईल असं डोक्यातच आलं नाही माझ्या. मला वाटलं, यंत्राला दोष देतील आणि हे डिसेंबरात घरी येतील. मघापासून तेच सांगायला उठणार होते. खरंच उठणार होते."

"जाऊ द्या, बाय," लियाकत म्हणाला. त्याची टोपी चुरगळून गेली होती.

निनाद तोंड उघडं टाकून उभा होता. "पण तुला... थंडीने वेग पडतो हे तुला कोणी सांगितलं?"

"तू. मार्चमध्ये, आमटी वाढताना. उन्हात किती, सावलीत किती, एसीत किती, सगळं सांगितलंस. एकशे चोवीस ग्रेनची गोळी, अकरा पौंडाची स्प्रिंग. साडेअकराची लावलीस तर रिकाम्या पुंगळ्या पायाशी पडतात, अकराची लावली तर दोन हात लांब." ती निनादकडे वळली. "त्या पिस्तुलाला तू राणी म्हणतोस. ते विकत घेतलं तो दिवसही पाठ आहे मला. सात जुलै. माझा वाढदिवस कधी असतो रे?"

निनादने तोंड मिटलं. पुठ्ठ्याची माणसं वाऱ्याने हलत होती.

"नोव्हेंबर," तो शेवटी म्हणाला.

"महिना बरोबर आहे," शुभ्रा म्हणाली.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. घरगुती भांडणांचा नियम क्लबच्या पुस्तकात नव्हता. त्यांनी लियाकतच्या खांद्यावर हात ठेवून "माफ करना, हबीबी" म्हटलं आणि शस्त्रागाराच्या किल्ल्या त्याला परत दिल्या. शुभ्राला वर्षभर तंबूत येण्याची बंदी केली. ती शिक्षा ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला दुःख म्हणणं कठीण होतं. निकाल मात्र बदलला नाही. यंत्रासमोर जे काडतूस आलं ते नापास झालं होतं, आणि आपली पेटी सांभाळणं हे नेमबाजाचं काम. विजेता परेश चौबळ.

निनाद डिसेंबरात पुण्याला गेला. पंचाहत्तरीत सासूबाईंना ओवाळताना त्याने स्प्रिंगांचा विषय दोनदाच काढला म्हणे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी, दुबईच्या रस्त्यावरच्या गर्दीत गाडी अडकली असताना, परेशने करंडक मांडीवर घेतला होता. गाडी उर्मिला चालवत होती.

"मनिलाला हवा दमट असते," परेश म्हणाला. "दारू बदलावी लागेल. साडेसव्वीस फार जोखमीचं. मी अठ्ठावीस धरतो. आणि स्प्रिंग बाराची. तुझ्याकडे छोटी डबी आहे का गं एखादी? नथीची वगैरे?"

उर्मिलाने आरशातून मागच्या सीटवरच्या बर्फाच्या पेटीकडे पाहिलं.

डिसेंबरात तिच्या भाच्याची मुंज होती.

"ऐकतेयस ना?" परेशने विचारलं.

"ऐकतेय," उर्मिला म्हणाली. "अठ्ठावीस, आणि बाराची. पुढे बोल."