सगळ्या सरूबायांचा बर्फ

प्रेमकथेत नायकाने नायिकेला पाहून थरथरावं असा रिवाज आहे. प्रबुद्धही थरथरत होता, पण कारण निराळं होतं. वर्सोव्याच्या भाऊराव बर्फवाल्यांच्या ऑफिसात शिरायचं सोडून तो शेजारचं जाडजूड दार ढकलून थेट शीतगृहात शिरला होता, आणि दार मागून बंद झालं होतं. रुचिकाने ते उघडलं, तेव्हा सुरमईच्या क्रेटांमध्ये एक काटकुळा तरुण लॅपटॉप छातीशी धरून उभा.

"ऑफिस... हेच ना?" त्याने दात वाजवत विचारलं.

"नाही. इथे मासे बसतात. आम्ही पलीकडे."

रुचिका भाऊरावांची पुतणी. धंद्याचं सगळं, म्हणजे गिऱ्हाईकं, ऑर्डरी, टेंपो, एका सर्व्हरवर होतं. रोज संध्याकाळी ती एकेका गिऱ्हाइकाचं पान उघडून उद्याच्या बर्फाची ऑर्डर टाकायची. ते आपोआप व्हावं म्हणून मुलुंडहून प्रबुद्धला बोलावलं होतं.

"ही क्लायंट लायब्ररी," चहाने ऊब आल्यावर तो म्हणाला. "आपल्या प्रोग्रॅमचा निरोप्या समजा. सर्व्हरकडे जाते, लॉगिन करते, गिऱ्हाईक शोधते, ऑर्डर टाकते."

"आणि कुरकुर?"

"करत नाही."

"मग माझ्या जागी हिलाच ठेवा की."

"हिच्याशी... गप्पा नाही मारता येत," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले. रुचिकाने न पाहिल्यासारखं केलं, म्हणजे नीट पाहिलं.

तो रोज येऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' झालं. ऑर्डरी टाकणारी स्क्रिप्ट, म्हणजे तो छोटा प्रोग्रॅम, लांबत गेली, तरी दोघांपैकी कुणाचीच तक्रार नव्हती. पण शनिवारी ती संपली.

"आता आपोआप चालेल."

"म्हणजे तू येणार नाहीस."

"काम तसं... संपलंच ना."

"झकास," रुचिका म्हणाली. हा शब्द इतक्या पडलेल्या आवाजात आजवर कुणी उच्चारला नसेल.

सोमवारी सकाळी कोळीवाड्यातल्या एका गिऱ्हाइकाचा, सरूबाईचा फोन आला. "काय गो रुचिका, माझं लगीन काढलंस का? अख्खा टेंपो बर्फ माझ्याच दारात ओतलाय!"

मागोमाग दुसऱ्या सरूबाईचा. तिला बर्फच नाही. मग तिसरीचा. चौथी फोन न करता स्वतःच आली, कोयत्यासकट.

झालं होतं असं. जाता जाता प्रबुद्धने हौसेने एक जादा स्क्रिप्ट चालवली होती. चुकून पुन्हा पुन्हा नोंदलेली गिऱ्हाईकं एकत्र करणारी. 'सरूबाई कोळी, कोळीवाडा' हे नाव इतक्या वेळा पाहून त्याला ती रुचिकाची चूक वाटली. तिला काकांची बोलणी बसू नयेत म्हणून त्याने गुपचूप सगळ्या सरूबायांची एकच सरूबाई करून टाकली. खालच्या शेऱ्यात प्रत्येकीच्या होडीचं वेगळं नाव होतं, ते त्याने पाहिलंच नाही. वर्सोव्यात एका गल्लीत "सरूबाई" म्हणून हाक मारली की निम्मी गल्ली ओ देते, हे मुलुंडच्या माणसाला कसं कळावं!

बाजारात पापलेटं तापत होती, कोयतेवाली समोर बसली होती, आणि रुचिकाला आनंद झाला होता. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

"वाट लागलीय," तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं. "लगेच ये!"

"बाप रे! थांब... नावं एकत्र करण्याआधीची प्रत आहे माझ्याकडे."

रुचिकाने केस सारखे केले आणि खिडकीतून फाटकाकडे नजर लावली. फाटकातून कुणी आलं नाही. स्क्रीनवर मात्र एका सरूबाईच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि बघता बघता सगळ्या आपापल्या होड्यांसकट परतल्या. टेंपो धावले. कोयता गेला. फोन वाजला.

"झालं बघ. सॉरी, यार."

"झालं? तू आहेस कुठे?"

"घरी. मुलुंडला."

म्हणजे एवढा गोंधळ होऊनही त्याला यावं लागलं नाही. यापेक्षा मोठा गोंधळ घालणं तर भाऊरावांच्या धंद्याला परवडणारं नव्हतं. ती फोन ठेवणार, तोच थबकली.

"एक मिनिट. हे सगळं घरून होतं?"

"हो... लायब्ररी असतेच त्यासाठी. सर्व्हरशी कुठूनही बोलता येतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"...हो."

"मग रोज मुलुंडहून इथवर कशाला यायचास रे?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक.

"तुमच्याकडचा चहा—"

"आमचा चहा टेंपोवालेसुद्धा पीत नाहीत. खरं बोल ना."

"खरं म्हणजे... सर्व्हरशी येतं गं कुठूनही बोलता. तुझ्याशी नाही येत. समोर असलीस की निदान अर्धं तरी येतं. आता फोनवर बघ ना, कसा अडखळतोय..."

रुचिकाच्या गालांचं काय झालं, ते समोरच्या कॅलेंडरनेच पाहिलं.

"मग बस तिथेच अडखळत," ती हळूच म्हणाली. "हलू नकोस. घाटकोपरपर्यंत मेट्रो आहे, पुढचं मी विचारत येते."

तिने पर्स उचलली. भाऊरावांनी वर पाहिलं.

"कुठे निघालीस गं?"

"मुलुंडला."

"मुलुंडला? आता काय काम निघालं?"

"काम?" चप्पल पायात सरकवत रुचिका म्हणाली, "काम काहीच नाही, काका."