स्पंदनांचा वाटा

भैरोबा वेस तालमीची फुटबॉल मॅच म्हटली की अख्खी पेठ मैदानावर. पण स्पंदनपट्टा बांधा म्हटलं की सगळ्यांचे हात पाठीमागे. तालमीचे सचिव हिंदुराव इंगवले चहाच्या गाड्यापासून गॅलरीपर्यंत विनवण्या करत फिरायचे आणि उत्तर ठरलेलं असायचं. आजा-पणजापासून आम्ही तालमीचेच, मग आपल्याच तालमीचे सभासद व्हायला मनगटाला पट्टा कशाला?

लीगला हे कोण समजावणार? सामना बघताना सभासदांची छाती किती धडधडते ते हा पट्टा मोजायचा आणि त्या हिशेबाने लीग संघांना निधी वाटायची. मोठ्या शहरांतल्या संघांचे सभासद घरी सोफ्यावर बसून लाखांनी धडधडत. भरल्या ताटात आणखी तूप. भैरोबा वेशीच्या वाट्याला नुसती खरवड. यंदा स्पंदनांक, म्हणजे या धडधडीचा एकूण आकडा, वाढला नाही तर संघ लीगबाहेर, हेही कळवून झालं होतं. शेवटी हिंदुरावांनी आमिष दाखवलं: पट्टा बांधेल त्याला गॅलरी फुकट. थोडी माणसं आली.

आणि मागच्या मॅचला स्पंदनांक वाढला. हिंदुरावांनी आनंदाने आलेख उघडला आणि रेघ मॅचच्या वेळेशी ताडून पाहिली. गोल झाला तेव्हा रेघ जेमतेम उचलली होती. ती उसळली होती मध्यंतरात, जुनी लाकडी गॅलरी कडाडून वीतभर खचली तेव्हा. कुणाला खरचटलंही नव्हतं. पण भीतीची धडधड कोणती आणि आनंदाची कोणती, हे पट्ट्याला कळत नव्हतं.

गॅलरी बंद करूया, असं त्यांनी प्रशिक्षक शकील बागवानला सांगितलं. शकीलने नकारार्थी मान हलवली.

“बंद केली तर माणसं पट्टं काढून ठेवत्यात, आबा. मग संघ गेलाच. दोन टेकू लावूया. सीझन तेवढा संपू दे.”

टेकू लागले. ते पुरणार नाहीत, हे हिंदुरावांना ठाऊक होतं. तरी पुढच्या मॅचला जो विचारील त्याला ते गॅलरी पक्की केल्याचं सांगत राहिले. त्यांची थोरली बहीण शेवंताआक्काही वर चढली.

“तू म्हनलास म्हनून बसतोय बघ,” ती म्हणाली.

सामना सुरू झाला, पण हिंदुरावांना मैदानाकडे बघवेना. ऑफिसचं दार लावून ते पडद्यासमोर बसून राहिले. रेघ शांत होती. गॅलरीतली माणसं निर्धास्त होती, तीही त्यांच्या एका खोट्या शब्दावर. रेघ चढावी म्हणून भैरोबाला साकडं घालावं, की चढू नये म्हणून?

तेवढ्यात बाहेर एकच कल्लोळ उठला. रेघ सरळ वर निघाली, मागच्या मॅचच्याही वर गेली. पडद्यावर लीगचा अभिनंदनाचा संदेश झळकला. हिंदुराव उठले, त्यांनी कडीला हात घातला. पण ती काढायचं धाडस होईना. दारापलीकडे गोल झाला होता, की गॅलरी गेली होती?