चौथ्या रस्त्यावरची गाडी

नॉर्बर्ट कोवाल्स्कीने उभी हयात मिलवॉकी शहरात सिटी बस चालवली होती, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसणं म्हणजे त्याला शिक्षाच वाटायची. त्यातून गाडी चालवत होती त्याची लेक बर्नडेट. ती आयोवातल्या एल्डर्टन या चिमुकल्या गावी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि पुस्तकी माणसांच्या हाती स्टिअरिंग देऊ नये असं नॉर्बर्टचं पक्कं मत होतं.

"बाबा, तुम्ही पायाने ब्रेक दाबताय. तिकडे ब्रेक नाहीये."

"असता तर बरं झालं असतं, बर्नी."

तो दोन दिवसांसाठी आला होता, घर बघायला. कॉलेजच्या सफरचंदाच्या बागेला लागून एक छोटं घर भाड्याने मिळत होतं. घर छान होतं. खिडक्या मोठ्या, स्वयंपाकघरात ऊन, आणि लेक हाकेच्या अंतरावर. नाही म्हणायला कारण एकच होतं, आणि ते तो कुणाला सांगत नव्हता. मिलवॉकीच्या घरात त्याची बायको लोरेन होती. म्हणजे नव्हती, तिला जाऊन दोन हिवाळे झाले होते. पण तिथल्या जिन्यावर, तिच्या खुर्चीपाशी ती अजून असल्यासारखी वाटायची. आपण निघालो तर ती मागे एकटी राहील, ही भीती त्याला खात होती. शेजारी म्हणायचे, नॉर्ब, आता पुढे बघ. या पुढे बघायला सांगणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग यायचा.

गावाच्या वेशीवर एक चौक लागला. सिग्नल नाही, नुसत्या चारही बाजूंना थांबायच्या लाल पाट्या. जो आधी येईल तो आधी जाणार, इतका साधा कायदा. बर्नी थांबली. समोरून एक पिकअप येऊन थांबला. आधी बर्नी आली होती, पण ती हलेना. पिकअपवालाही हलेना.

"जा की!"

"थांबा हो बाबा. ते आधी आलेत." तिने उजवीकडे बघून हसत हात केला, तुम्ही जा म्हणून.

उजवीकडचा रस्ता रिकामा होता. मक्याची कापणी झालेली, थेट लांबच्या धान्याच्या कोठारापर्यंत उघडं रान. तिथे लपायला कुत्र्यालासुद्धा जागा नव्हती.

"कोण आधी आलं?"

"अं?" तोवर बर्नी पुढे निघाली होती. तिचं लक्ष आता दुसरीकडेच होतं.

लेक आपली फिरकी घेतेय, असं नॉर्बर्टने ठरवून टाकलं. पण शनिवारी सकाळी तो चालत त्याच चौकातल्या बेकरीत गेला आणि खिडकीशी बसला. जर्दाळू भरलेली पाव-मिठाई खाता खाता तो गाड्या बघत राहिला. माणूस निवृत्त झाला तरी नजर ड्रायव्हरचीच राहते. सगळे थांबत होते. एक विद्यार्थी छताला गादी बांधून, ढणाढणा गाणी लावून आला. त्याने गाणं बंद केलं, उजवीकडे बघून मान लववली आणि वाट बघत राहिला.

गंमत म्हणजे दर वेळी कुणी त्या रस्त्याकडे बघत खोळंबत नव्हतं. कधी गाड्या पाटीपाशी थांबून लगेच निघून जायच्या. म्हणजे ही नुसती सवय नव्हती. तो रस्ता कधी कधी त्यांच्यासाठीही रिकामा असायचा.

नॉर्बर्टच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"त्या रस्त्यावर कोण राहतं हो?" त्याने बेकरीवाल्या ट्रूडीबाईंना विचारलं.

"कोणी नाही. पुढचा पूल पुरात गेला ना."

"मग थांबता कुणासाठी?"

ट्रूडीबाईंनी त्याच्याकडे जरा नवलाने बघितलं. "जो आधी आला त्याच्यासाठी. तुमच्या शहरात थांबत नाहीत वाटतं?" आणि हसून त्यांनी त्याचा कप पुन्हा भरला.

तो बाहेर येऊन त्या रस्त्यावर थोडा चालला. डांबर वाळक्या पानांनी झाकलं होतं. चाकांच्या जागी मात्र पानं चुरून पिवळी पूड झाली होती आणि हवेला तापलेल्या इंजिनाचा वास होता. त्याला भीती वाटायला हवी होती. पण वाटलं ते वेगळंच. गेलेल्या माणसाला सोडून पुढे बघ म्हणणारं शहर त्याने पाहिलं होतं. जो दिसत नाही त्याच्यासाठी हसतमुखाने थांबणारं गाव तो पहिल्यांदाच बघत होता.

रविवारी दुपारी तो परत निघाला. बस स्टँडपर्यंत गाडी मीच चालवणार, असा त्याने हट्टच धरला. बागेजवळचं वळण वाटेतच होतं. तिथे वळून घरमालकाला हो म्हणायचं, की सरळ जाऊन बस पकडायची, हे त्याचं अजून ठरत नव्हतं. बर्नीही विचारत नव्हती.

चौकात चिटपाखरू नव्हतं. तो पाटीपाशी थांबला.

पाय ब्रेकवरून उठेना. त्याने उजवीकडे बघितलं. रिकामा रस्ता, ऊन. त्याने हात केला. तुम्ही जा.

काहीच झालं नाही.

"बाबा," बर्नी हसली, "ते तुम्हालाच जा म्हणतायत."

"मला?"

"केव्हापासून हात करतायत. निघा, नाहीतर दोघं इथेच संध्याकाळ कराल."

स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून त्याने आभार मानले आणि गाडी पुढे काढली.

बर्नीने बाजूच्या आरशात बघितलं. "वळले."

"कुठे?"

"आपल्याच मागे येतायत."

नॉर्बर्टने आरशात बघितलं. लाल पाटी, रस्ता, आभाळ.

"कोण आहे?"

"काचेवर ऊन आहे, चेहरा दिसत नाही. बाई आहे वाटतं." ती आरशाकडे वाकली. "जपून चालवतायत बिचाऱ्या. रस्ता ओळखीचा नसावा."

नॉर्बर्टने वेग कमी केला. कित्येक दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

बागेचं वळण अजून बरंच लांब होतं. त्याने आत्ताच इंडिकेटर लावला. गाडीत टिकटिक सुरू झाली.

बर्नी आरशात बघत होती.

"त्यांनीपण लावला," ती म्हणाली.