गाण्याआधीची शांतता

मुलीनं सिंगापूरहून टर्नटेबल पाठवलं, तेव्हा मुर्नीला इतका आनंद झाला की खोक्यातला थर्मोकोलसुद्धा तिनं जपून ठेवला. इंडोनेशियातल्या मालांगच्या त्या घरात दोनशेच्या वर रेकॉर्डी चाळीस वर्षं एका कपाटात पडून होत्या. जुन्या मशीनची सुई गेली, आता ती कुठंच मिळत नाही, असं सांगून तिच्या नवऱ्यानं, जार्वोनं, कपाटाला कुलूप घातलं होतं. संसाराच्या रगाड्यात तिनंही तो विषय सोडून दिला होता.

नवं यंत्र लावलं, तर आवाज अगदी डासाच्या गुणगुणीएवढा. मुलगी फोनवर म्हणाली की सुईचा आवाज मुळातच बारीक असतो, मध्ये फोनो प्रीअँपची डबी जोडावी लागते, ती त्याला मोठं करते. म्हणून एका शनिवारी सकाळी मुर्नी जार्वोला घेऊन कोह लियोंगच्या दुकानात गेली. रेडिओ दुरुस्त करण्यात हयात घालवलेला हा चिनी म्हातारा दोघांच्या चांगल्या ओळखीचा. त्यानं काचेवर तीन डब्या मांडल्या आणि ऐकायला एखादी रेकॉर्ड मागितली.

मुर्नीनं पिशवीतून काढली ती तिची स्वतःचीच होती. ती बावीस वर्षांची असताना त्यांच्या क्रोंचोंग गाण्यांच्या मंडळानं सुराबायाला जाऊन गायलेली. बासरी जार्वोची, मुख्य आवाज किनासीचा, आणि मागं साथीला मुर्नी.

पहिली डबी प्लास्टिकची. तिच्यातून गाण्यापेक्षा घुमघुमच जास्त आली. दुसरीतून गाणं स्वच्छ आलं, पण काचेपलीकडून आल्यासारखं. तिसरी राखाडी पत्र्याची, कोह लियोंगनं जुन्या रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह घालून स्वतः जुळवलेली. ती जोडून त्यानं सुई टेकवली. गाणं सुरू होण्याआधी रेकॉर्डवर काही क्षण कोरी रेघ असते. त्या रेघेत या वेळी खरखर नव्हती, घुमघुम नव्हती. नाटक संपून माणसं घरी गेल्यावर थिएटरात जशी उरते, तशी शांतता होती. आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास आत घेतला. अगदी जवळ. बाईमाणसाचा श्वास.

मुर्नीनं कोह लियोंगकडे पाहिलं.

"शेजारच्या रेघेतलं उमटतं कधी कधी," तो म्हणाला. "गाणारीनं श्वास घेतला असेल. चांगली डबी काही लपवत नाही, इबू."

तेवढ्यात जार्वोनं हात पुढं करून सुई उचलली. इतक्या घाईनं, की रेकॉर्डवर ओरखडा उमटला.

"पहिली घे," तो म्हणाला. "या वयात एवढं स्वच्छ ऐकून काय करायचंय?"

चारचौघांत नवऱ्याचा शब्द मुर्नीनं कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला, आणि तिसरी डबी घेतली.

दुपारी तो असरच्या नमाजाला मशिदीत गेला. घरात उन्हाची तिरीप होती आणि तळलेल्या तेंपेचा वास. मुर्नीनं डबी जोडली, व्हॉल्व्ह तापून तांबूस होईपर्यंत थांबली, आणि तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. तिला किनासीचा आवाज ऐकायचा होता. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

किनासी तिची जिवाभावाची मैत्रीण. रेकॉर्ड झाली फेब्रुवारीत, आणि जूनमध्ये किनासी नाहीशी झाली. दोन दिवसांनी जार्वोनं मुर्नीच्या हातात तिचं पत्र ठेवलं. मकासरच्या एका खलाशाबरोबर जातेय, शोधू नका, असं त्यात होतं. किनासीच्या आईला वाचता येत नव्हतं. मुर्नीनंच ते तिला वाचून दाखवलं, आणि वाचताना संतापानं तिचा आवाज चढला, कारण मैत्रिणीनं जाताना तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. शोध तिथंच थांबला. आई वाट बघत बघत गेली. वर्षभरानं मुर्नीनं जार्वोशी लग्न केलं.

कोऱ्या रेघेत श्वास आला. मग आवाज, अगदी हळू…

"मुर्नी… ते पत्र माझं नाही गं…"

लगेच गाणं सुरू झालं. आवाज किनासीचाच होता, याबद्दल तिला शंका नव्हती. पण पत्र आलं जूनमध्ये, आणि हे गाणं फेब्रुवारीतलं.

तिनं दुसरी रेकॉर्ड काढली. परदेशी वाद्यवृंदाची, माणसाचा आवाज मुळी नसलेली. सुई टेकली. शांतता, श्वास…

"आईला का वाचून दाखवलंस…"

तिसरी रेकॉर्ड गामेलानची, जावातल्या घंटा-झांजांच्या वाद्यमेळाची. तिनं तीही लावली.

"मी इथंच आहे… रस्ता दिसतोय इथून…"

"किती ऐकल्यास?"

जार्वो दारात उभा होता. मशिदीतून तो कधी परतला, तिला कळलंच नव्हतं.

"तीन," ती म्हणाली.

"चौथी लावू नकोस. चौथीपासून ती नुसत्या हाका मारते."

चाळीस वर्षं हा माणूस तिच्या शेजारी झोपला होता. मशीनची सुई कधी गेलीच नव्हती, हे तिला आता कळलं.

तिनं विचारलं, पत्र कुणी लिहिलं. तो म्हणाला, मी. मग खुर्चीत बसून, फरशीकडे बघत, त्यानं सगळं सांगितलं. किनासीला तो मोटारसायकलवरून पुजोनच्या घाटात फिरायला घेऊन गेला होता. तिथं त्यानं तिला लग्नाचं विचारलं, ती नाही म्हणाली. परतताना दोघांचं भांडण चाललं होतं, आणि एका वळणावर गाडी घसरली. तो रस्त्यावर पडला, ती दरीत. लोक विचारतील, दोघं तिथं काय करत होतात, म्हणून तो घाबरून निघून आला. शोध होऊ नये म्हणून पत्र.

"ती मेली होती?" मुर्नीनं विचारलं.

जार्वोनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुम्ही निघालात तेव्हा ती मेली होती का?"

"हाक मारत होती…"

"तुम्हाला?"

"तुला," जार्वो म्हणाला.

मुर्नीनं डबीची वायर उपटली. नवऱ्याला उठवलं, हाताला धरलं आणि तिन्हीसांजेच्या आत ठाण्यात नेलं. त्यानंही कां-कूं केली नाही. जबाब संपेपर्यंत ती बाहेर बाकावर बसून होती, आणि त्यानंतर तिनं त्याच्याशी बोलणं कायमचं बंद केलं.

तीन दिवस पोलिसांनी दरी पालथी घातली. खाली काही सापडलं नाही. किनासी सापडली वर, रस्त्याच्या कठड्यापासून जेमतेम सात पावलांवर, एका झाडाच्या मुळांत. एवढी चढण तिनं कशी चढली, त्याला किती दिवस लागले, कुणाला सांगता येईना. हाडांजवळ चांदीचा आकडा होता, अंबाड्यात खोवायचा. तो मुर्नीनंच तिला दिलेला. मुर्नीनं तो ओळखला आणि सही केली. बाकीचं दातांवरून जुळलं.

आईच्या शेजारी तिला पुरलं, त्या दिवशी डॉक्टरांचा कागद मुर्नीच्या हाती आला. तिनं तो कबरीपाशी उभ्यानं वाचला. मग पुन्हा वाचला. तिथूनच तिनं डॉक्टरांना फोन लावला. बाई, चुकून लिहिलं नाही, ते म्हणाले. त्यांनाही ते पटलं नव्हतं, म्हणून त्यांनी हाडं दोनदा तपासली होती.

किनासी बावीस वर्षांची असताना दरीत पडली. कागदावर लिहिलं होतं: स्त्री. मृत्यूसमयी वय साठ ते पासष्ट.